अंगणातून सिडनीला

एका रविवारी सकाळी सहा वाजता आमचे शेजारी जनूकाका अंगणातून सिडनीला निघाले. खुर्ची प्लास्टिकची, पट्टा जाळ्याच्या दोरीचा, आणि पुढच्या माणसाची पाठ म्हणून हापूसची रिकामी पेटी उभी केलेली.

काकांचं आयुष्य होडीवर गेलं. कुठल्याही बाबतीत त्यांचं म्हणणं एकच, "आदी बघया, मगे जावया." मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ते दोन दिवस एका डोळ्याला फडकं बांधून फिरले होते आणि मी समजून माझ्या माडाला "भाऊ, बरो मां?" असं विचारून गेले होते.

आता सिडनीतल्या त्यांच्या मुलाला मुलगा झाला होता. आईवडिलांची तिकिटं काढायची की नाही, ते तो आज संध्याकाळी फोनवर विचारणार होता.

हिशेब माझ्याकडे होता. मुंबई ते सिंगापूर तीन हजार नऊशे किलोमीटर, साडेपाच तास. तिथे तीन तास थांबायचं. पुढे सहा हजार तीनशे किलोमीटर, आठ तास.

काकी हवाईसुंदरी झाल्या. "काय व्हया? पेज आसा, नायतर पेज आसा."

"विमानात असा बोलणत नाय, गो."

"मगे उतरा."

"उतरतंय खंय? खाली समुद्र आसा."

साडेअकराला सिंगापूर आलं. काकांनी विहिरीला फेऱ्या मारल्या, जेवले, आणि अडीचला काकींसाठी दुसरी खुर्ची मांडली. "तूय बस. तुकाय जावचा आसा मां?"

काकी हसत बसल्या. नातवाला काय काय भरवायचं ते सांगत राहिल्या. दोन तासांनी त्यांचं बोलणं थांबलं. पाय सुजून जोडवी बोटांत रुतली होती.

"माका काय झाला नाय. अजून किती, भाऊ?" त्यांनी मला विचारलं.

"सहा तास," मी म्हणालो.

काकांनी काकींच्या पायांकडे एकदा बघितलं. दोरी सोडली आणि उभे राहिले. "माका जमूचा नाय. माका भिया वाटता."

फोन आला तेव्हा काकी घमेल्यातल्या गरम पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. पाणी काकांनीच तापवलं होतं.

"नाय रे, मियां विमानात बसूचंय नाय. घाबारतंय," काका सांगत होते. मुलगा हसला, ते आम्हालाही ऐकू आलं.

"उभो जलम दर्यात गेलात, तेवा भिया नाय वाटला?" काकी तिथूनच म्हणाल्या. "तुमच्यापायी माझो नातू बघूचो रवलो."

काकांनी ऐकून घेतलं. मग रिसीव्हरवर हात ठेवून ते माझ्याकडे वळले.

"भाऊ, थयसून हयसर अंतर तितक्याच मां?"

"अंतर तितकंच. येताना वारा समोरून असतो, म्हणून वेळ थोडा जास्त."

त्यांनी हात काढला.

"आयकलंस? तूच घेवन ये तेका. वायच उशीर लागतलो, तो लागांदे."