आवणीबाणी

पुण्याला महापूर आला, त्या वर्षीच्या आषाढात कोळवण खोऱ्यातल्या भोकरवाडीलाही पूर आला. ओढ्यावरचा साकव गेला, कुशाबाचा गोठा गेला आणि शाळेची घंटा गेली. माणूस एकही गेलं नाही, एवढी कमतरता राहिली. पण सरकारनं ती मनाला लावून घेतली नाही आणि वाडीला आपत्तिग्रस्त ठरवलं.

लगोलग तीन पोलीस घेऊन खांबेटे नावाचे विशेष अधिकारी आले आणि शाळेत उतरले. एरवी ते कचेरीत कागदांवर शिक्के मारत. आता आपत्तीपुरते त्यांना सर्वाधिकार मिळाले होते, आणि ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी कोतवाल गेणबाला बोलावून दवंडी सांगितली : गावात आणीबाणी आहे, पाच किंवा अधिक जणांनी एकत्र जमू नये. असला शब्द गेणबाच्या तोंडात उभ्या जन्मात आला नव्हता. त्यानं तो आपल्या वळणावर आणला.

"ऐका हो ऐका. आजपासनं सरकारी आवणीबाणी लागू हाय हो."

पुढचं जमावाचं कुणी ऐकलंच नाही. आवणी म्हणजे भाताची लावणी. चुलीपुढं बसलेल्या तुळजाबाईला ते ऐकून भरून आलं. धनी गेल्यापासून तिची खाचरं इर्जिकीवर लागत. घरटी माणसं यायची, मजुरी कुणी घेत नसे, तिनं फक्त सगळ्यांना जेवू घालायचं. यंदा पुरानं आवणी लांबली. तरवा, म्हणजे लावायची रोपं, हातभर वाढून पिवळा पडायला लागला होता. आणखी थोडा थांबला तर वर्षाचं भात गेलं, नुसता पेंढा हाती. अशा वेळी सरकार स्वतः चिखलात उतरतंय म्हटल्यावर ती पदर सारखा करून शाळेत गेली.

"सायेब, आवणी कुटनं धरणार? माजं खाचर रस्त्याकडंला हाय. तितनंच धरा."

"बाई, आणीबाणी. म्हणजे संकटकाळ. सगळे अधिकार माझ्याकडे."

"व्हय, पर लावनार कोन?"

"आम्ही काही लावत नाही. आम्ही फक्त कलम लावतो."

तिला वाटलं, आंब्याचं. "कलम मागनं लावा की. आदी भात लावू द्या. उद्या इर्जिक हाय, समदी वाडी येतीया."

"समदी वाडी म्हणजे बेकायदा जमाव."

"चिखलात बी?"

खांबेट्यांनी आदेश पुन्हा वाचला. त्यात चिखलाचा उल्लेख नव्हता. म्हणजे सवलतही नव्हती.

"मंग चार-चार जनी लावतो."

"त्या गातात का?"

"गाण्याबिगर पाय उचलत न्हाई चिखलातनं."

"मग त्या घोषणा झाल्या."

"सायेब, शेजारच्या रत्नाबाईची सासू मरायला टेकलीया. खांदेकरी चार, मडकं धरनारा पाचवा. तिचं काय करायचं?"

"मडकं धरणाऱ्यानं पुढं निघून जावं. तो दिसेनासा झाला, की मयत उचलावं."

एवढ्यात हवालदारानं नम्रपणे लक्षात आणून दिलं, की खोलीत साहेब, तिघे पोलीस आणि बाई मिळून पाच होतात. कायदा सर्वांना सारखा असल्यानं एक पोलीस बाहेर पावसात जाऊन उभा राहिला. मग गेणबा आत आला आणि दुसराही गेला.

इर्जिक राहून गेली. मदतीचं धान्य आलं. ते घ्यायला रांग हवी, आणि रांग म्हणजे जमावच, फक्त सरळ. म्हणून धान्य शाळेत कुलपात राहिलं आणि ओलीनं त्याला मोड आले.

"सरकारचं तरी उगवलं गं बाई," शेजारची धोंडाबाई म्हणाली.

तुळजाबाईला हसू आलं नाही. ती तरव्याच्या बांधावर बसून राहायची, दुखणाइताच्या उशाशी बसावं तशी.

मग निरोप आला : मोठे साहेब पाहणीला येत आहेत, जनतेनं स्वागतास बहुसंख्येनं हजर असावं. आता खांबेटेच तुळजाबाईच्या दारात आले.

"बाई, माणसं किती जमतील?"

"इर्जिकीला येत्यात तेवडी. पर त्यो जमाव व्हईल न्हवं?"

"स्वागताला आली की जमाव म्हणत नाहीत. जनता म्हणतात."

"सायेब येनार कवा?"

"ते सांगता येत नाही. जनतेनं सकाळपासून तयार राहावं. रस्त्याला लागून. आणि नुसतं ताठ उभं नको, जरा नम्रता दिसली पाहिजे."

"वाकूनच ऱ्हातो की," तुळजाबाई म्हणाली. "रस्त्याला लागून माजंच खाचर हाय."

दिवस कलल्यावर जीप आली. मोठ्या साहेबांनी पाहिलं, अख्खी वाडी गुडघाभर चिखलात कमरेतून वाकलेली आहे आणि त्यांच्याकडं तोंड ठेवून एकेक पाऊल मागं सरते आहे. पाठ कुणी दाखवत नव्हतं. साहेबांना आयुष्यात अशी अदब मिळाली नव्हती. घरी तर नाहीच.

"हातात हिरवं काय आहे?"

"पुष्पगुच्छ, साहेब. फुलं पुरात गेली," खांबेटे म्हणाले.

"आणि गातायत काय?"

बाया सासूची उणीदुणी काढत होत्या. "स्वागतगीत," खांबेट्यांनी डोळे मिटून सांगितलं.

लोक इतके समाधानी असताना आणीबाणी उठवणं म्हणजे त्यांचा अवमान, असं म्हणून साहेबांनी ती पुढील हुकमापर्यंत वाढवली. तुळजाबाईनं कंबर न उचलताच विचारलं, "वरल्या अंगाला कुशाबाचं खाचर हाय. तितं बी जनता वाकायला तयार हाय. उद्याच्याला याल का?"

साहेब आले. त्यांना गोडी लागली. वाडीची सगळी आवणी त्यांच्या पाहणीत उरकली. इर्जिकीच्या पंगतीला खांबेटेही जेवले, आणि पानं मोजायची नाहीत एवढी माणुसकी त्यांनी दाखवली.

दिवाळीला तुळजाबाईच्या कणगीत भात पडलं. खांबेटे बढतीवर गेले. पुढील हुकूम मात्र आला नाही. गेणबाला कुणी सांगितलं नाही, म्हणून त्यानं आणीबाणी उठल्याची दवंडी दिली नाही. तरी लग्नं होतात, सभा होतात, माणसं शेकड्यांनी जमतात आणि कुणी अडवत नाही. तुमच्याकडंही अडवत नसतील. त्यावरून आणीबाणी उठली असं समजू नका. एकदा कंबर सरळ करून बघा.