न बघायची कार्बाइन

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता डेल क्राउझला ती कार्बाइन दिसली आणि त्याने ताबडतोब दुसरीकडे बघितलं.

आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या लष्करी बंदुकांच्या बाजारात हीच रीत आहे. जे हवं त्याच्याकडे बघायचं नाही. शेजारचा माल उचलायचा, त्याला भरपूर नावं ठेवायची आणि निघता निघता मागे वळून म्हणायचं, "आणि ही हो? हिचं काय?" ताकाला जाऊन भांडं लपवायचं हे शिक्षण आमच्याकडे बापाकडून मुलाला मिळतं. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी जत्रेच्या मैदानावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीनशे टेबलं मांडली होती, हजारभर गिऱ्हाइकं होती आणि सगळी भलतीकडेच बघत होती.

डेल अडुसष्ट वर्षांचा. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करता करता डावा गुडघा कामातून गेलेला. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे गाडी बायको चालवत होती. या बाजारांचा त्याला मनापासून कंटाळा आला होता. तीच शेड, तीच पिचपिचीत कॉफी, तेच लोक. तरी तो येत होता, कारण वीस वर्षं तो एकच वस्तू शोधत होता आणि ती सापडल्याशिवाय त्याला थांबता येत नव्हतं.

आणि आता ती मर्ल टिप्टनच्या टेबलावर पडली होती. आखूड रशियन कार्बाइन. नळीला संगीन नाही, संगिनीसाठी लाकडात खाच नाही, आणि नळीच्या मुळाशी चौकटीत ठोकलेली 'एस ए' ही दोन अक्षरं. म्हणजे फिनलंडच्या सैन्याने लढाईत हिसकावून घेतलेली, क्वचितच दिसणारी. गळ्यात चिठ्ठी, पाचशे डॉलर. मर्लने कुणा मयत माणसाच्या घरातून सगळा ढीग उचलून आणला होता आणि कशात काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

शेजारी तिचीच सामान्य बहीण होती. घडीची संगीन असलेली. एके काळी हार्डवेअरच्या दुकानात पिंपात उभ्या करून विकायचे, त्यातली. तिच्याही गळ्यात पाचशेचीच चिठ्ठी. डेलने रीतीप्रमाणे ती उचलली.

"काय म्हणते?" मर्लने विचारलं.

"काय म्हणणार? लाखांनी बनल्यात असल्या," डेल म्हणाला आणि भिंग काढून बोल्टवरचा, म्हणजे काडतूस आत सरकवणाऱ्या दांड्यावरचा, आकडा वाचायला लागला. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तो आकडा काही केल्या दिसेना, म्हणून जरा वेळ लागला. गुडघा दुखत होता म्हणून तो टेबलाला टेकला. तेवढंच निमित्त झालं.

आता डेल म्हणजे आमच्या तीन काउंट्यांतला जाणकार. कुठल्या कारखान्याचा शिक्का, कुठला आकडा मागाहून ठोकलेला, हे त्याला विचारल्याशिवाय कुणी खिशात हात घालत नाही. असा माणूस एका कार्बाइनवर भिंग लावून टेबलाला टेकला, तर लोक काय समजणार? दोन मिनिटांत मागे चार जण उभे राहिले. त्यांत लायल बॉमगार्टन होता. डेलच्या आधी वस्तू पटकवायची हा लायलचा एकमेव छंद.

"सापडली वाटतं काहीतरी?" लायलने मान पुढे घातली.

"काही नाही रे. साधी आहे."

"साधी आहे तर ठेव की खाली."

इथे डेल अडकला. वस्तू तुमच्या हातात आहे तोवर तिला दुसरं कुणी हात लावत नाही, हा बाजाराचा दुसरा नियम. ही खाली ठेवून शेजारची उचलली, तर आठ डोळे शेजारचीवर जाणार आणि त्यांतले दोन लायलचे. म्हणून त्याने ठेवली नाही. आणि ठेवत नाही म्हटल्यावर लायलची खात्रीच पटली.

"बघितलंत? सोडत नाही तो!" लायल बाकीच्यांना म्हणाला.

"अरे बाबा, लाकडाला चीर आहे. बोल्टचा आकडा नळीशी जुळत नाही. आतली नळी गंजलीय," डेल म्हणाला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

"इतकी नावं ठेवतोय!" गर्दीतून कुणीतरी हळहळून म्हणालं. "म्हणजे फारच भारी असणार."

मर्लने शांतपणे हात लांब केला आणि त्या कार्बाइनच्या गळ्यातली चिठ्ठी काढून खिशात टाकली.

"मर्ल, पाचशे लिहिलं होतं," डेल म्हणाला.

"सकाळी लिहिलं होतं. तेव्हा तू आला नव्हतास."

गर्दी विसावर गेली. एकाने फोनवर फोटो काढून कुणाला तरी पाठवले. दुसऱ्याला लाकडावर एक ओरखडा दिसला, तो म्हणाला हा बल्गेरियाच्या सैन्याचा शिक्का. तिसरा म्हणाला छे, कारखान्याने चाचणीसाठी बनवलेली आहे, अशा मोजून दोन. डेल घसा कोरडा करून सांगत होता की तो ओरखडा म्हणजे कुणीतरी कपाट हलवताना पाडलेला ओरखडा आहे. त्यावर सगळे समजूतदारपणे हसले. चार किलोचं ते धूड धरून त्याचा दंड भरून आला होता. खरं बोलून माणूस इतका दमतो, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

"सहाशे," लायल म्हणाला.

"हातात डेलच्या आहे," मर्लने नियम सांगितला. "तो काय म्हणतो ते बघू."

डेलने मनाशी हिशोब केला. हिला घेऊन टाकली की गर्दी पांगेल. गर्दी पांगली की वळून, अगदी सहज, शेजारचीला हात घालता येईल. हात दाखवून अवलक्षण झालंच होतं, आता निस्तरायला पाहिजे होतं. साडेसातशेला सौदा ठरला. लोकांनी सुस्कारा सोडला, लायलने तोंड फिरवलं आणि हळूहळू रस्ता मोकळा झाला.

डेलने टेबलाकडे बघितलं. हिरव्या कापडावर एक आखूड रिकामी जागा होती.

"इथली कुठे गेली?"

"ती होय? विकली," मर्ल नोटा मोजत म्हणाला. "एक बाई आल्या. म्हणाल्या, ही केवढ्याला? म्हटलं पाचशे. दिले, लायसन्स दाखवलं, गेल्या. घासाघीस नाही, काही नाही. मी म्हटलंसुद्धा, बाई, थांबा, इथे जाणकार उभे आहेत, विचारा त्यांना. तर म्हणाल्या, त्यांना कामात राहू दे."

वीस वर्षं. डेलला खरोखर रडू आलं. ते गिळून तो नको असलेली कार्बाइन काखेत मारून लंगडत खाणावळीच्या कोपऱ्याकडे निघाला. तिथे चर्चच्या बायका पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, विकत होत्या आणि बाकावर त्याची बायको नॅडीन बसली होती. समोर पिरोगीची ताटली, मांडीवर तिचा कोट, आणि कोटाच्या खालून एक आखूड नळी बाहेर आलेली.

डेल उभाच राहिला.

"बस. गुडघा दुखेल," नॅडीन म्हणाली.

"तुला... तुला कसं कळलं?"

"संगीन नाही, खाच नाही, चौकटीत दोन अक्षरं. वीस वर्षं रोज जेवताना सांगतोयस, डेल. मी बहिरी आहे का?"

"पण तू का घेतलीस?"

"तूच म्हणतोस ना, ती मिळाली की बास? म्हटलं, मिळवू आणि बास करू. मला शनिवारी घरी बसायचंय." तिने कोट बाजूला केला.

त्याने आकडे तपासले. बोल्ट, नळी, दस्त्याची पट्टी, सगळे जुळत होते. त्याच्या तोंडातून सवयीने निघालं, "ठीक आहे."

"ठीक आहे?" नॅडीनने वर बघितलं. नेमका तेव्हाच लायल कॉफीचा पेला घेऊन तिथे पोचला होता आणि मान पुढे घालत होता. "लायल, ही हवी का तुला? डेल म्हणतो, ठीकच आहे."

"नाही!" डेल एवढ्या जोरात ओरडला की पिरोगीवाल्या बायका थांबल्या. "मला हवीय! एकही खोट नाही हिच्यात. इतकी देखणी वस्तू मी आयुष्यात बघितली नाही!"

लायलने कार्बाइनकडे बघितलं, मग डेलकडे. त्याच्या चेहऱ्यावर कीव आली.

"फसवलं वाटतं तुम्हाला कुणीतरी, नॅडीन," तो हळूच म्हणाला आणि निघून गेला.

नॅडीनने ताटलीतला एक पिरोगी खाऊन संपवला. मग म्हणाली, "मला लग्नाचं विचारलंस तेव्हा काय म्हणाला होतास, आठवतं?"

"काय?"

"म्हणाला होतास, 'ठीक आहेस तू. चालेल.'"

डेलने कार्बाइन मांडीवर आडवी ठेवली. कान लाल झाले होते.

"बाजाराचा नियमच आहे तो," तो म्हणाला.

नॅडीनने उरलेला पिरोगी त्याच्यापुढे सरकवला आणि त्याच्याकडे न बघता पर्समध्ये गाडीची किल्ली शोधायला लागली. बराच वेळ तिला ती सापडली नाही.