कडुबा कोणती घेतोय?

बद्रीनाथला गाडी पसंत पडली होती. तरीही दोन वेळा चहा पिऊन तो शोरूममधून काहीच न ठरवता उठला.

"काका, पांढरी आवडली ना तुम्हाला?" मंदार नावाच्या सेल्समनने त्याला दारापर्यंत गाठलं.

"आवडली की. लई आवडली."

"मग बुकिंग करून टाकू या?"

"थांबा जरा. आधी कडुबा कोन्ती घेतो ते कळू द्या."

"कडुबा कोण?"

"चुलतभाऊ माहा."

"अरे वा! तेही घेतायत? मग दोन गाड्यांवर आपण चांगला डिस्काउंट..."

"त्याचं नाव काढू नका माह्यासमोर!" बद्रीनाथ कडाडला. नाव त्यानेच काढलं होतं, हे सांगण्याची मंदारची हिंमत झाली नाही.

बिडकीनला बद्रीनाथ आणि कडुबा यांची शेतं एकाच बांधाला लागून होती. त्या बांधापायी आधी त्यांच्या बापांनी आणि मग या दोघांनी एकमेकांची किती उणीदुणी काढली, त्याला सुमार नाही. पुढे जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, हातात पैसा आला आणि बांधावर कारखान्याची शेड उभी राहिली. दोघांनी शहरात बीड बायपासला प्लॉट घेतले, तेही शेजारी शेजारी. लांब राहिलं तर समोरच्याने काय नवीन केलं ते रोज दिसणार कसं? बांध गेला आणि त्याच्या जागी कंपाउंडची भिंत आली. कडुबाच्या अंगणात पितळी कड्यांचा झोपाळा आला, तेव्हा बद्रीनाथला चार दिवस अन्न गोड लागलं नव्हतं.

आता प्रश्न गाडीचा होता. शहरात दोन बड्या गाड्यांची दोन शोरूमं, आणि बद्रीनाथ दोन्हीकडे जाऊन आला होता. पांढरी गाडी बुटकी आणि ऐसपैस. दार उघडलं की सीट बरोबर कमरेला लागायची. बद्रीनाथचा उजवा गुडघा कितीतरी वर्षांपासून कुरकुरत होता, तो त्या सीटवर टेकताच गप्प झाला. काळी गाडी मात्र हत्तीएवढी उंच. तिच्यात चढताना त्याला "आई गं" म्हणावं लागलं होतं. सरूबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला तर सेल्सवाल्या पोरीने खालून ढकलावं लागलं होतं.

"पांढरीच घ्या," सरूबाई म्हणाली. "पन ती शहागंजच्या बाजारात शिरती का ते आधी बघा. माही समदी खरेदी तिथंच असती. गाडी जर चौकात ठेवून मला पिशव्या घिऊन चालायचं असंल तर गाडी कशाला घ्यायची?"

म्हणणं रास्त होतं. म्हणून शनिवारी सकाळी पांढरी गाडी ट्रायलला शहागंजाकडे निघाली. बद्रीनाथ चालवत होता, शेजारी मंदार जीव मुठीत धरून बसला होता आणि मागच्या सीटवर सरूबाई मांडी घालून.

बाजाराच्या आतल्या गल्लीत, मसाल्याची दुकानं जिथे सुरू होतात तिथे, समोरून एक काळी गाडी आली. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या. काळ्या गाडीच्या काचेआड कडुबा होता.

सरूबाई आणि कडुबाची बायको रत्नमाला या जावा, पण माहेर दोघींचं एकच, पिशोर. नवऱ्यांचं भांडण नवऱ्यांपाशी ठेवून दोघी रोज फोनवर तास-तासभर बोलायच्या. तेव्हा शहागंजची अट इकडून तिकडे कशी गेली, हे वेगळं सांगायला नको.

कडुबाने हॉर्न वाजवला. बद्रीनाथने त्याच्यापेक्षा लांब हॉर्न वाजवला.

"काका, आपण जरा मागे घेऊ या का?" मंदारने हळूच विचारलं.

"मागं?" बद्रीनाथने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने किडनी मागितली होती. "माहा बाप बांधावरून कधी एक वीत मागं सरला नाय, अन् म्या सरू?"

"अहो, पण हा बांध नाहीये. ही गल्ली आहे."

"समोर कडुबा हाये ना? मग बांधच हाये."

काळ्या गाडीतही हेच चाललं असावं, कारण कडुबाच्या शेजारी बसलेली सेल्सवाली मोनाली दोन्ही हात जोडून काहीतरी विनवत होती. मागे रिक्षा अडल्या, हातगाडे अडले. मसालेवाला दुकानातून बाहेर आला आणि त्याने बद्रीनाथच्या काचेवर टकटक केलं.

"क्या चचा, कायकू अड़ के बैठे? थोड़ा पिच्छे लेव ना!"

"पहले उसको बोलो!"

मसालेवाला कडुबाकडे गेला. तिकडूनही तेच उत्तर घेऊन आला आणि कपाळाला हात लावून पोत्यावर बसला.

सरूबाईने थोडा वेळ वाट पाहिली आणि दार उघडून ती खाली उतरली. समोरून रत्नमालाही उतरायला लागली. ती गाडी उंच, त्यामुळे तिला मोनालीने धरून उतरवलं.

"काय वं अक्का, कधी आल्या?" रत्नमालाने विचारलं.

"ह्या आत्ता. चल, बांगड्या बघू. ह्यांचं उरकायला टाइम लागंल."

दोघी गाड्यांच्या मधून वाट काढत गर्दीत दिसेनाशा झाल्या. गल्लीत आता नुसता आरडाओरडा होता. शेवटी मंदार आणि मोनाली खाली उतरून एका टपरीआड काहीतरी खलबत करून आले. पोरगं शहरी, कारकुनी घराण्यातलं, पण भावकीचं गणित त्याला बरोबर उमगलं होतं.

"काका, एक सुचवू? तुम्ही स्वतः मागे सरूच नका. तुम्ही उतरून त्यांच्या गाडीत बसा आणि त्यांची गाडी मागे घ्या."

बद्रीनाथचे डोळे चमकले. "म्हंजे कडुबाला म्या मागं ढकलायचं?"

"अगदी तसंच."

तिकडे मोनालीने कडुबाला हेच, उलट बाजूने सांगितलं होतं. दोघे मिशांवर ताव देत उतरले, एकमेकांकडे न बघता शेजारून गेले आणि एकमेकांच्या गाडीत जाऊन बसले. मागच्या रिक्षा एकेक करून हलल्या आणि दोन्ही गाड्या एकदमच मागे सरल्या. कोण हरलं, ते कुणालाच ठरवता आलं नाही. मसालेवाल्याने टाळ्या वाजवल्या.

झालं ते एवढ्यावर मिटायला हवं होतं. पण काळ्या गाडीच्या उंच सीटवरून बद्रीनाथने खाली पाहिलं, आणि तो बघतच राहिला. इथून सगळं दिसत होतं: रिक्षांचे टप, दुकानांचे पत्रे, पांढऱ्या गाडीत बसलेल्या कडुबाचं टक्कल. हा गडी ही गाडी घेणार, आणि रोज सकाळी भिंतीवरून आपल्या अंगणात वाकून बघणार! बद्रीनाथच्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी त्याने गुपचूप दुसऱ्या शोरूमला जाऊन काळी बुक केली. मंदारचा फोन त्याने उचललाच नाही.

"अन् तुमचा गुडघा?" सरूबाईने विचारलं.

"गुडघ्याचं बघू. तू रत्नमालाला यातलं अवाक्षर बोलायचं नाय."

"नाय बोलत बाई," सरूबाई म्हणाली, आणि या वेळी ती खरंच बोलली नाही. तिला या प्रकरणाचा वीट आला होता.

दसऱ्याला काळी गाडी दारात आली. झेंडूचा हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग झालं. बद्रीनाथ दाराला लटकत कसाबसा वर चढला आणि ताठ मानेने त्याने भिंतीपलीकडे पाहिलं.

भिंतीपलीकडे पांढरी गाडी उभी होती. तिलाही हार होता. पांढऱ्या गाडीच्या मऊ सीटवर त्या दिवशी बसल्यापासून हे सुख बद्रीनाथला लाभू द्यायचं नाही असं कडुबानेही ठरवलं होतं, हे तेव्हा कळलं.

त्यानंतरचे दिवस बद्रीनाथने कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. रोज सकाळी गुडघा दाबत तो वर चढायचा, आणि वर चढलं की पहिली ती पांढरी दिसायची. कडुबा दार उघडून पाटावर बसावं तसा सहज आत बसायचा. ते बघून बद्रीनाथच्या जिवाची नुसती होळी व्हायची. आपली गाडी, आपण पसंत केलेली, आणि तिच्यात कडुबा बसतो! रात्री सरूबाई त्याच्या गुडघ्याला तेल चोळायची, तेही जरा जास्तच जोर लावून.

दिवाळीच्या पाडव्याला कडुबा फराळाचं ताट घेऊन आला. असं कधी घडलं नव्हतं. थोडा वेळ तो चिवड्याबद्दल बोलला, मग बाहेर येऊन काळ्या गाडीजवळ रेंगाळला.

"बद्रीभाऊ, एक बोलू का? राग नको मानू."

"बोल."

"माही गाडी बुटकी पडती. पिशोरच्या रस्त्याला खाली घासती. तुव्हा गुडघा दुखतो, तुला ही चढवत नाय. आपून अदलाबदल करू. कागदाचं बघू नंतर."

दारात उभी असलेली सरूबाई कान देऊन ऐकत होती. तिने मनातल्या मनात देवीला साडी कबूल केली. बद्रीनाथच्या तर जिभेवर "व्हय" येऊन बसलं होतं. फक्त तोंड उघडायचं बाकी होतं.

तेवढ्यात कडुबाने काळ्या गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवला. अगदी मायेने, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

बद्रीनाथने तो हात पाहिला. तोंड मिटलं.

"नाय," तो म्हणाला.

"कामून?"

"नाय म्हंजे नाय. मला लई आवडती ही."

कडुबा खाली मान घालून निघून गेला. त्याचा तो पडलेला चेहरा पाहून बद्रीनाथ गाडीभोवती एक फेरी मारून आला. काय तिचा रंग, काय तिची उंची! इतके दिवस आपल्याला हे दिसलं कसं नाही? कडुबाला हवी आहे म्हणजे गाडीत नक्की काहीतरी असणार. दाराला लटकत, "आई गं" करत तो वर चढला, स्टिअरिंग धरून ऐटीत बसला आणि त्याने काच खाली केली.

"सरू, ये गं! तुला गाडीतून फिरवून आनतो."

दारात कुणीच नव्हतं. भिंतीपलीकडे पांढऱ्या गाडीचं मागचं दार बंद झालं. सरूबाई रत्नमालाशेजारी मांडी घालून बसली होती, आणि गाडी शहागंजाकडे निघाली होती.