डोळे मिटून झेरॉक्स

आमचे बाळारामकाका कोळंबी एका बाईकडून घेतात, कोकम दुसऱ्या दुकानातून आणि कोथिंबीर थेट काल्हेरला जाऊन. आज घरी काय शिजतंय हे कुणा एकाला अख्खं कळता कामा नये! "बाजूवाल्याला कललं का सरकारला कललं," म्हणायचं आणि पिशवीवर रुमाल टाकायचा.

टेमघरला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. अख्ख्या गल्लीचं आधार-पॅन माझ्या हातून गेलंय, पण काका मला जन्मतारीखसुद्धा कानात सांगतात. अशा माणसाने क्रिप्टो घ्यावं यात नवल ते काय! बँकेतून पैसे पाठवले की पासबुकात नाव उमटतं, आणि पासबुक त्यांचा मुलगा घरभर मोठ्याने वाचतो; क्रिप्टोला पासबुकच नाही.

एकदा काका बारा इंग्रजी शब्दांचा कागद घेऊन आले. मोबाइलमधल्या क्रिप्टोची ती किल्ली. ज्याला शब्द कळले, त्याचा माल.

"बाय, झेरॉक्स काड. पन डोले मिटून."

मिटले. मिटल्या डोळ्यांनी बटण चुकलं आणि धडाधड पंचवीस प्रती निघाल्या! काका मटकन खाली बसले. मग चोवीस प्रती बारीक फाडून माझ्याच पाण्याच्या बाटलीत कालवत बसले. मी दिवसभर तहानलेली!

गेल्या महिन्यात मात्र पंचाईत झाली. पैसे बुधवारपर्यंत पाठवायचे होते आणि काका क्रिप्टो जिथून घेतात त्या ॲपने अडवले. सरकारी नियम आहे म्हणे: कुणाला पाठवताय त्याचं नाव लिहा, नातं लिहा, तरच पैसे हलतील.

काका भडकले. "तीस टक्के टॅक्स घे, चालीस घे, पन नाव कशाला इचारतो?"

"लिहा ना, मित्र म्हणून. कोण बघतंय?"

"खोटं न्हाय लिवनार."

कप्पाळ माझं! खरं सांगायचं नाही, खोटं लिहायचं नाही. दोन दिवस माझ्या स्टुलावर बसून राहिले. तिसरा दिवस बुधवारच. आले, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "वैशाली लिव."

वैशाली त्यांची मुलगी. सात वर्षांपूर्वी तिने पॉवरलूमवर काम करणाऱ्या, जातीबाहेरच्या पोराशी लग्न केलं, तेव्हा ह्याच काकांनी भर चौकात सांगितलं होतं, "मला पोरगी न्हाय." तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी काढत नाही.

"मस्कतला असते. नवऱ्याचं काम सुटलंय. उद्या तिला हास्पिटलात भरती करायचीय, पयलं बालंतपन हाय," काका म्हणाले.

पुढचा रकाना नात्याचा. मी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. एका बोटाने, अक्षरं शोधत, त्यांनी लिहिलं: मुलगी. बटणही त्यांनीच दाबलं.

मग हळूच विचारलं, "बाय, ह्ये आता खोडता येतं का?"

"नाही काका. सरकारकडे गेलं ते."

"बरं झालं," काका म्हणाले.