पाणी चाखणारे हिराजीकाका

आमच्या हॉलमध्ये घोट्यापर्यंत पाणी होतं आणि एक अनोळखी म्हातारा दारात वाकून ते चाखत होता. हिराजीकाकांची आणि माझी पहिली भेट ती ही. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. त्या पाण्यात काय काय तरंगत होतं ते सांगत नाही, तुम्ही कदाचित जेवत असाल.

"पानी खाडीचा हाय," ते पुटपुटले.

गोखिवऱ्यात तळमजल्यावर घर घेऊन आम्हाला जेमतेम तीन महिने झाले होते. सोफा भिजला होता, मुलीच्या पुस्तकांचा लगदा झाला होता. माझं डोकं फिरलं. "चाखताय काय काका? त्यापेक्षा बादली उचला!" मी ओरडले.

त्यांनी खरंच उचलली. अनवाणी, केस ओले, खांद्यावर ओला पंचा. त्या दिवशी कोरडं होतं तरी कोण म्हणा! मी आतून बादली भरून द्यायची, त्यांनी गेटाबाहेर रिकामी करायची, असं तासभर चाललं. पण आत पाऊल टाकतील तर शपथ. मी चहा पुढे केला तर "नाय, आज नको" म्हणाले आणि निघून गेले. आमच्या घराची एवढी किळस? मला भलताच राग आला.

मग हळूहळू कळलं की हे गृहस्थ सोसायटीमागच्या जुन्या गावातले, मिठागरावरचे मुकादम. मीठ पिकवायच्या कोंडीतलं पाणी मिठाला आलं की नाही, हे ते जिभेने सांगायचे. मिठागर बंद पडलं, जीभ मात्र निवृत्त व्हायला तयार नाही. पावसाळ्यात कुठेही पाणी साचलं की काका हजर. त्यांचा प्रश्न ठरलेला: "पानी कोनाचा?"

उत्तरही तेच द्यायचे. साबणासारखं बुळबुळीत लागलं तर कारखान्यांच्या गाळ्यांकडून आलेलं, म्हणजे नालेवाल्यांचं. गंजकट लागलं तर रुळांखालच्या मोरीत तुंबलेलं, म्हणजे रूळवाल्यांचं. खारट लागलं तर खाडीच्या बांधातून आलेलं, म्हणजे बांधवाल्यांचं. पुढे खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांपाशी अडलेलं ते तिवरवाल्यांचं. सरकारी खात्यांची ही त्यांनी पाडलेली नावं. आमच्या यजमानांनी एकदा कौतुकाने फिल्टरचं पाणी दिलं, तर थुंकून म्हणाले, "मेलेला पानी. कोनाचाच नाय."

दर मे महिन्यात ते नाल्याच्या काठाने फक्कीच्या रेघा मारत जात. इथवर नालेवाले, इथून रूळवाले. लोक हसायचे. मीही हसायचे.

सोसायटीची सेक्रेटरी झाल्यावर मात्र मी पेटून उठले. आमच्या घरात पाणी शिरलं ते कुणामुळे, हे लेखी हवं म्हणून अर्जावर अर्ज टाकले. तिसऱ्या वर्षी चारही खात्यांची संयुक्त पाहणी ठरली, ती नेमकी पुनवेला, मोठ्या भरतीच्या दिवशी. अकरा वाजता चार साहेब, चार छत्र्या, चार फायली बांधावर आल्या. माझ्या विनंतीवरून काकाही आले, आणि आल्या आल्या त्यांनी बांधावर फक्कीची रेघ मारली.

"साहेब, तुमी रेघेच्या भाईर उभे," काका एकाला म्हणाले. साहेब चक्क दोन पावलं मागे सरकले.

सगळे उघाडीपाशी थांबले. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी फळ्यांचं दार. भरतीला लावायचं, ओहोटीला उघडायचं. ते लावलं नाही तर खाडी सरळ आमच्या हॉलमध्ये.

"ही लावतं कोण?" मी विचारलं.

चौघांनी फायली उघडल्या. चारही कागदांवर लिहिलेलं होतं, 'उघाडी वेळेवर बंद केली जाते.' मला हायसं वाटलं.

"पण माणूस कुणाचा?"

नालेवाल्यांनी बांधवाल्यांकडे पाहिलं, बांधवाल्यांनी तिवरवाल्यांकडे, तिवरवाल्यांनी रूळवाल्यांकडे. रूळवाल्यांनी आभाळाकडे. प्रत्येकाला इतकी वर्षं वाटत होतं, माणूस दुसऱ्या खात्याचा आहे. मी हबकलेच. हजारो घरं या दारामागे झोपतात आणि दाराला माणूसच नाही?

"मी लावतो की," काका म्हणाले. "मिठागर होता तवापासून."

ना हुकूम, ना पगार. पंचांगातली तिथी बघून हा सत्तरीचा माणूस वर्षानुवर्षं चिखलात उतरत होता, आणि चार खाती त्याच्या जिवावर अहवाल लिहीत होती!

तरी मी माझा मुद्दा सोडला नाही. "मग तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात पाणी आलं तेव्हा उघाडी कुणी उघडी ठेवली? जबाबदार कोण ते लिहा, साहेब."

चौघांची पेनं अधांतरी राहिली.

"माजा नाव लिवा," काका म्हणाले. "त्या दिसाचा पानी माजा."

"तुमचं?"

"भरती बाराची. आमच्या मंडळीला न्यायचा टायम पन बाराचा. पाऊस जोरात, लाकडं पेटत नव्हती. उघाडी ध्यानातूनच गेली. मसनातनं परत आलो तवा पानी तुमच्या गेटात. किती चुकलो ते बघाया सरळ तुमच्याकडं आलो. आत कसा येनार, बाय? सुतक होता."

ओले केस. ओला पंचा. न घेतलेला चहा. बायकोला अग्नी देऊन आलेल्या माणसाच्या हातात मी बादली दिली होती, तीही ओरडून. तीन वर्षं त्याच पाण्याचा गुन्हेगार मी शोधत होते. बांधावर सगळ्यांदेखत मला रडू फुटलं. साहेबांनी नाव लिहिलं नाही, आणि दुसरं कुणाचंही लिहिलं नाही.

खाडीचं पाणी चढू लागलं होतं. काकांनी लेंगा वर खोचला, दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकला आणि खाली उतरले. साहेब लोक छत्र्या धरून बघत राहिले.

मी चपला काढल्या आणि त्यांच्या मागोमाग चिखलात उतरले.

"काका, फळी कुठून धरायची ते दाखवा."