हुकूमशहा झालेले मधुकाका

माझ्या लग्नात नाव घ्यायची वेळ आली आणि पाठ केलेला उखाणा मी साफ विसरलो. तेवढ्यात पाठीमागून, मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात, पहिली ओळ आली. वळून बघायची गरजच नव्हती. आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यात बोलताना कुणी अडखळला की पुढचा शब्द मधुकाकाच पुरवत.

तीस वर्षं ते गणपतीतल्या नाटकांचे प्रॉम्प्टर. दिवसभर सरकारी कचेरीत कारकुनी, संध्याकाळी वही घेऊन विंगेत उभे. खोड इतकी अंगात मुरलेली की घरीसुद्धा सुटका नाही. काकू वैतागून म्हणायच्या, "माह्यं भांडण तरी मले पुरं करू द्या."

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तशी सिनेमावाल्यांची वर्दळ वाढली. बूढ़ापाऱ्यातला एक दिग्दर्शक हुकूमशहावर सिनेमा काढत होता. त्याला न ओरडणारा हुकूमशहा हवा होता. काकांचा आवाज ऐकून त्याने त्यांनाच धरलं. जन्मात एकदा तरी लोकांना समोरून दिसायचं आहे, असं काका मला म्हणाले होते. मीही होतो त्यात, लाकडी बंदूकवाला शिपाई.

पण दरारा काही जमेना. हुकूम सोडून झाला की काका आम्हा शिपायांना विचारत, जमेल ना? शेवटी दिग्दर्शकाने बजावलं, रीळ संपत आलं आहे. फाशीचा सीन आज एका टेकमध्ये झाला नाही, तर उद्या हुकूमशहाही नवा आणि कैदीही नवा. कैदी होता संतोष, पंडरीतल्या कापड दुकानातला सेल्समन. बिचाऱ्याचा पहिलाच सिनेमा. ते ऐकून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

कॅमेरा सुरू झाला. संतोषने गुडघे टेकले, हात जोडले, "हुज़ूर" म्हणाला आणि थांबला. गडी विसरला होता. रीळ पळत होतं.

काका खुर्चीतून वाकले, थेट त्याच्या तोंडाशी गेले आणि हळूच म्हणाले,

"बोलो. मेरे बच्चे छोटे हैं।"

संतोष थरथरत तेच म्हणाला.

"रहम कीजिए।"

तेही म्हणाला आणि खरोखरच रडायला लागला. 'कट' म्हणायचं दिग्दर्शकालाही सुचेना.

सीन तसाच ठेवला. सिनेमा लागला तेव्हा मारायच्या माणसाला दयेची भीकही शिकवून मागायला लावणारा हुकूमशहा बघून अख्खं थिएटर चिडीचूप झालं. खेळ सुटल्यावर लोकांनी काकांना नमस्कार केले, पण दोन हात लांबूनच. एका बाईने तर मुलीला स्वतःकडे ओढून घेतलं. मला मात्र अभिमान वाटत होता. काय क्रूर माणूस उभा केलात काका, अंगावर काटा आला, असं मी म्हणालो.

काका थिएटरच्या पायरीवर बसले. डोळे भरून आले होते.

"अडकला होता रे थो," ते म्हणाले. "काढूनच टाकलं असतं त्याले. मी तर त्याले वाचवून राहिलो होतो."