दुसऱ्या फळीवरचा सेक्रेटरी

सांगलीच्या गुलबक्षी अपार्टमेंटचा सेक्रेटरी गेली अकरा वर्षं आंबट साईचा एक डबा होता, आणि कारभार अगदी सुरळीत चालला होता.

निवड रीतसर झाली होती. त्या वर्षीच्या सभेत सेक्रेटरी कोणी व्हायचं यावरून तीन तास नुसती हमरीतुमरी चालली. सभा कुसुमताई वाळिंब्यांच्या घरी होती, आणि लोणी काढायला म्हणून त्यांनी बाहेर काढलेला साईचा डबा टेबलावर तसाच राहिला होता. "तुमच्यापेक्षा हा डबा बरा, निदान गप्प तरी बसतो!" असं कोणीतरी वैतागून म्हणालं. दुसऱ्याने अनुमोदन दिलं, आणि बाराच्या बारा घरांनी हात वर केले. डब्याने हरकत घेतली नाही. त्या दिवशीचं लोणी अर्थातच राहिलं.

डब्याचं कार्यालय कुसुमताईंच्या फ्रिजमध्ये, दुसऱ्या फळीवर, मागच्या बाजूला. दारातल्या कप्प्यात नाही, कारण दार सारखं उघडतं आणि तिथे सेक्रेटरीला ऊब लागते. रोज चमचाभर ताजी साय घालायची, चमचाभर जुनी काढायची, झाकण घट्ट लावायचं. चिरलेला कांदा त्या फळीवर ठेवायचा नाही, तो वशिला समजला जाई. आणि ओला चमचा लावणं म्हणजे सरळसरळ कामकाजात ढवळाढवळ. हे सगळं नियमावलीत छापलेलं होतं.

संध्याकाळी सहा ते सात भेटीची वेळ. ज्याला अर्ज करायचा त्याने यायचं, फ्रिजसमोर उभं राहून मोठ्याने वाचायचा आणि दोन मिनिटं थांबायचं. साईवर बुडबुडा आला तर नामंजूर, नाही आला तर मंजूर. तिसऱ्या मजल्यावरचे अण्णासाहेब चौगुले यांचा दुसऱ्या पार्किंगचा अर्ज तीनदा बुडबुड्यावर गेला होता. बिचाऱ्यांनी तोही निर्णय मानला.

अर्ज वाचून झाला की कुसुमताई चहा टाकत. त्या शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या. यजमान शरदराव जाऊन बारा वर्षं झाली होती, मुलगी बेळगावला. "आई, एकटी काय करतेस तिकडे? इकडेच ये कायमची," असं ती दर फोनला म्हणे, आणि कुसुमताई दर फोनला सांगत, "अगं, सेक्रेटरी आहे ना माझ्याकडे. त्याला कोणावर टाकून येऊ?" खरं म्हणजे कुसुमताईंना ही संध्याकाळची बेल फार प्रिय होती. ती वाजली नाही त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे.

मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दोन दिवस वीज गेली. कुसुमताईंनी सेक्रेटरीला पाण्याच्या परातीत ठेवलं, वर ओलं फडकं टाकलं, तासातासाला पाणी बदललं. वीज आली तशी चौगुल्यांची लेखी तक्रार आली. सेक्रेटरींना उग्र वास येत आहे, तरी रविवारी सर्वांसमक्ष ताजेपणाची तपासणी व्हावी. नियम पंधरा असा होता की सेक्रेटरी अपात्र ठरल्यास त्याच फेरीत माणूस निवडावा आणि कार्यालय खाली वॉचमनच्या खोलीत हलवावं.

रविवारी सकाळी कुसुमताईंनी झाकण उघडलं. वर थोडं पाणी सुटलं होतं, त्याचं काही नाही, ते ढवळलं की मिसळतं. पिवळसर झाक होती, तीही वयाप्रमाणे ठीक. पण कडेला, अगदी कडेला, मोहरीएवढा गुलाबी ठिपका होता. त्यांनी डोळे मिटून पुन्हा पाहिलं. ठिपका होताच. वरून खरवडून भागत नाही, गुलाबी आलं की सगळं फेकायचं, हे त्यांना शाळेतल्या मुलींना शिकवून पाठ झालं होतं.

"असं कसं केलंस रे," त्या डब्याला म्हणाल्या आणि ओट्याला टेकून रडल्या.

मग डोळे पुसून त्यांनी जे केलं ते त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. नवी साय आंबायला वेळ नव्हता. श्रीखंडासाठी टांगलेला चक्का त्यांनी उतरवला, त्यात ताजी साय फेटली, चार थेंब लिंबू पिळलं, कणभर मीठ घातलं आणि चाखून पाहिलं. हुबेहूब. डबा उकळत्या पाण्याने धुऊन कोरडा केला आणि त्यात ते भरलं. जुन्या सेक्रेटरीला वाडग्यात काढून वर ताटली झाकली.

दहा वाजता बाराही घरं जमली. तपासणीला चौगुले आणि शेजारच्या शबानाभाभी मुल्ला. दोघांनी आळीपाळीने वास घेतला, उजेडात रंग पाहिला, कोरड्या चमच्याने चव घेतली.

"आंबटपणा योग्य," शबानाभाभी म्हणाल्या.

"प्रकृती उत्तम," चौगुल्यांनी नोंदवहीत लिहिलं. "तक्रार मागे घेतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुसुमताईंना त्या टाळ्या सोसवेनात. त्या आत गेल्या आणि वाडगा आणून टेबलावर ठेवला.

"खरा सेक्रेटरी हा आहे," त्या म्हणाल्या. "गुलाबी पडलाय. डब्यात आहे तो चक्का. मी फसवलं तुम्हाला. मला डबा जाऊ द्यायचा नव्हता."

चौगुल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कुसुमताई, चार वर्षांमागे तुम्ही बेळगावला गेलात तेव्हा चार्ज माझ्याकडे होता. माझ्या हातून ओला चमचा लागला. चार दिवसांत बुरशी. आमच्या घरची साय भरून ठेवली मी." ते नोंदवहीकडे बघत म्हणाले. "परवा वास आला तेव्हा वाटलं, माझाच माल नासला असणार. मनाला खात होतं, म्हणून तक्रार केली. तुमच्यावर राग नव्हता हो."

"मग माझंही लिहा," शबानाभाभी हळूच म्हणाल्या. "त्याच्या पुढच्या दिवाळीला माझ्याकडे होता. पाहुणे आले, कोशिंबिरीला दही कमी पडलं. निम्मा सेक्रेटरी त्यात गेला. दही-मलई घालून भरपाई केली."

"चांगली झाली होती ती कोशिंबीर," चौगुले म्हणाले आणि मग त्यांनी घाईने नोंदवहीत डोकं घातलं.

प्रश्न गंभीर होता. चर्चा दीड तास चालली आणि ठराव एकमताने झाला. सेक्रेटरीपद साईला नसून फळीला आहे. कुसुमताईंच्या फ्रिजमध्ये दुसऱ्या फळीवर मागच्या बाजूला जो आंबट असेल तो सेक्रेटरी, मग तो साय असो, चक्का असो की दही. नियम पंधरा रद्द. मावळत्या सेक्रेटरीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि त्याला गेटजवळच्या गुलबक्षीच्या मुळाशी पुरलं. नारळ वॉचमनने नेला. शाल कुसुमताईंकडेच राहिली.

दुपारी मुलीचा फोन आला. "मग, गेला का डबा? आता तरी येतेस ना?"

"आठ दिवस येईन पुढच्या महिन्यात," कुसुमताई म्हणाल्या. "कायमचं बघू."

संध्याकाळी सहाला बेल वाजली. दारात चौगुले होते, आणि त्यांच्या मागे जिन्यात बाकीची दहा घरं. पार्किंगचा अर्ज असणार म्हणून कुसुमताईंनी फ्रिज उघडला, झाकण काढलं आणि बाजूला झाल्या. चौगुल्यांनी घसा खाकरून वाचायला सुरुवात केली.

"माननीय सेक्रेटरी यांस. कुसुमताईंनी बेळगावला आठ दिवसांपेक्षा जास्त राहू नये, अशी सर्व सभासदांची विनंती आहे. कळावे."

दोन मिनिटं सगळे उभे राहिले. फ्रिजचा गार वारा पायांवर येत होता. कुसुमताई चक्क्याकडे बघत होत्या, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्यांना नीट दिसत नव्हतं.

"आला का हो बुडबुडा?" त्यांनी विचारलं.

"नाही," शबानाभाभी म्हणाल्या.

"मंजूर," म्हणून कुसुमताईंनी झाकण घट्ट लावलं, फ्रिज बंद केला आणि सतरा कप चहाचं आधण ठेवलं.